पासबुक आणि पिढ्या
आजोबा पासबुकात नोंद छापून घेतल्याखेरीज शाखेतून हलत नाहीत. नातीने मात्र पासबुक क्वचितच उघडलेले असते. हा फरक केवळ वयाचा नसून अनुभवाचा आहे.

१९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या काळी ठेवींना विम्याचे कवच नव्हते. ज्यांनी ही झळ सोसली वा जवळून पाहिली, त्यांच्या मनावर ‘कागद हाती असावा’ हा धडा कायमचा कोरला गेला. १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ स्थापन झाले. संरक्षण होते प्रतिठेवीदार १,५०० रुपये. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ठेवीदारांचा भरवसा दृढावला. २०१६ मध्ये यूपीआय आले. त्यासोबत वाढलेल्या पिढीला पैसा दिसतो तो मोबाइलच्या पडद्यावर.

४ फेब्रुवारी २०२० पासून विमा संरक्षणाची मर्यादा मुद्दल व व्याज धरून ५ लाख रुपये करण्यात आली. नातीच्या निर्धास्तपणामागे आजोबांच्या पिढीने भोगलेली धास्ती आहे. म्हणूनच छपाईसाठी रांगेत उभ्या असलेल्या ज्येष्ठ ग्राहकाला ‘मोबाइलवर पाहा’ असे सुचवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. शिल्लक त्यांना ठाऊक असते. त्यांना हवी असते ती खात्री.