हिसालू: गुलाबाच्या घरची पिवळी रासबेरी

आम्हा संभाजीनगरकरांचा रानमेवा म्हणजे बोरं, करवंदं आणि दौलताबादची सीताफळं. त्यामुळे मे महिन्यात उत्तराखंडात रस्त्याकडेला पिवळीधमक रासबेरी दिसली, तेव्हा मी गाडी थांबवायलाच लावली. कुमाऊँत तिला हिसालू म्हणतात. शास्त्रीय नाव रूबस इलिप्टिकस, कुळ गुलाबाचं.

खरी ओळख खोडावर. बाकदार काटे आहेतच, पण त्यांच्या मधूनमधून तांबूस राठ केसांची दाटी असते. पान बेलासारखं त्रिदळी, मधलं दळ सर्वांत मोठं. उलटून पाहिलं की पांढुरकं, लवदार. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची. आणि फळ? ते एक फळ नाहीच! एकाच फुलातल्या अनेक स्त्रीकेसरांपासून झालेल्या रसाळ मण्यांचा तो घोस. तोडला की आतला गाभा झुडपावरच राहतो, हातात पोकळ टोपी येते. इतकी नाजूक, की बाजारापर्यंत टिकत नाही. झुडपाजवळ उभं राहूनच खायची.

साधारण 1000 ते 2000 मीटर उंचीवरचे उघडे, ओलसर उतार हे तिचं घर. आपलं म्हैसमाळही 1000 मीटरच्या वर आहे, पण नुसत्या उंचीने काय होतं? वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मार्चपासूनच तापणारा खडक! महाबळेश्वरला मात्र तिची बहीण, रूबस निवियस, भेटते: फूल गुलाबी, फळ पिकून काळं.

गंमत म्हणजे हवाई बेटांवर हीच हिसालू माजलेलं तण ठरली आहे. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे.