टिंब की रेघ?

बदलापुरात सोनिवलीला एका भंगाराच्या दुकानापुढे मी बराच वेळ उभा होतो. प्लॅस्टिक निवडणाऱ्या बाई वस्तू उचलत, जरा दाबून आवाज ऐकत आणि नेमक्या पोत्यात टाकत. एका पारदर्शक बाटलीपाशी मात्र त्या थबकल्या. तळ बघून म्हणाल्या, "टिंब असलं की इकडं, रेघ असली की तिकडं."

रेघेची बाटली पीव्हीसीची, टिंबाची पीईटीची. ही निवड चुकली तर? पीईटी वितळवायला सुमारे २६० अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, पीईटीच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल पिवळा, ठिसूळ होतो. थोडी भेसळही पुरते.

मग पाण्यात टाकून वेगळे करता येईल? वर्गात करून पाहा. बाटलीचे टोपण तरंगते, बाटलीचा तुकडा बुडतो. पण पीव्हीसीही बुडते! दोघांची घनता जवळपास सारखीच, १.४ च्या आसपास.

फरक आहे तो रेणूंमधल्या बंधांत. हे बंध सतत कंप पावत असतात आणि ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. पीईटीतले बेंझीनचे कडे १६६० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषते. पीव्हीसीत असे कडेच नाही. आपले डोळे साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतच पाहतात, म्हणून आपल्याला दोन्ही सारख्याच दिसतात. निवड-यंत्रातला कॅमेरा चित्राच्या प्रत्येक बिंदूचा असा अवरक्त वर्णपट घेतो. संगणक तो नमुन्यांशी ताडून पाहतो आणि सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी हवेचा झोत नको ती बाटली उडवून देतो. सगळे क्षणार्धात.

पण हा कॅमेराही फसतो. त्याला वरचा थरच दिसतो. बाटलीवर दुसऱ्याच प्लॅस्टिकचे वेष्टन असेल तर तो वेष्टनाचेच नाव सांगतो. ओल्या कचऱ्यातले पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश शोषते. (ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याचे हेही एक कारण.) सर्वांत अवघड काळे प्लॅस्टिक. त्यातली काजळी जवळजवळ सगळाच प्रकाश गिळते, कॅमेऱ्याकडे परत काही येतच नाही. त्यासाठी आणखी लांब तरंगलांबीचे, महागडे कॅमेरे लागतात.

सोनिवलीच्या त्या बाईंच्या हाती नंतर जेवणाचा काळा डबा आला. त्यांनी त्याचा कोपरा मोडला, कट्‌ आवाज ऐकला आणि मान वर न करता तो तिसऱ्या पोत्यात टाकला.