उघडून पाहण्याचा अधिकार

‘फुकट ते पौष्टिक’ ही मराठी माणसाची आवडती म्हण आहे आणि लिनक्स या संगणकप्रणालीविषयी आपल्याकडे जे थोडेफार कुतूहल आढळते, त्याचे मूळ पुष्कळदा या म्हणीतच असते. विंडोजला पैसे पडतात, लिनक्सला पडत नाहीत, तेव्हा ती घेण्यास हरकत काय, असा हिशेब मांडून माणूस तिच्याकडे वळतो. परंतु जे लोक वर्षानुवर्षे तिच्यावर काम करतात, त्यांना तिच्यात सर्वांत अधिक काय आवडते असे विचारावे, तर किमतीचा उल्लेख बहुधा शेवटी येतो. इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दात विनामूल्य आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्याने या चळवळीच्या पुरस्कर्त्यांची खुलासे करता करता पुरेवाट झाली आहे. मराठीला ही अडचण नाही. तिच्यापाशी ‘फुकट’ आहे आणि ‘मुक्त’ही आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या शब्दाचा अर्थ आपण व्यवहारात कितपत उतरविला हा.

या मुक्तीची कथा एका छपाईयंत्रापासून सुरू होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत एक नवे यंत्र आले. त्यात कागद अडके. जुन्या यंत्राच्या बाबतीत रिचर्ड स्टॉलमन या तरुण संशोधकाने आज्ञावलीत बदल करून अशी सोय केली होती की, कागद अडकताच संबंधितांना सूचना मिळावी. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र बंदिस्त होती आणि तिची मूळ संहिता, म्हणजे ती ज्या वाचता येण्याजोग्या मजकुरातून घडते तो मजकूर, मागूनही मिळाला नाही. स्टॉलमन यांनी १९८३ साली संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८९ साली त्यासाठी एक परवानापत्र तयार केले. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरावी, तिचा अभ्यास करून तीत बदल करावा, तिच्या प्रती वाटाव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही वाटावी, हे चार अधिकार त्याने वापरणाऱ्यास दिले. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने या इमारतीस आवश्यक असलेला गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो याच परवान्याखाली सर्वांना खुला केला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. ज्याने लिनक्सचे नावही ऐकलेले नाही, त्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी हाच गाभा असतो.

हौशी वापरणाऱ्यांना मिळणारे सुख अर्थातच या भव्य आकड्यांचे नसते. ते फार घरगुती असते. एका पेनड्राइव्हवर संपूर्ण प्रणाली घालून, संगणकातील मूळ काहीही न पुसता ती चालवून पाहता येते, न आवडल्यास पेनड्राइव्ह काढून घेतला की झाले. डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट अशा अनेक घरांतून आपल्याला सोसेल ते निवडता येते. पडद्याची मांडणी दहा तऱ्हांनी बदलता येते. पाचशे छायाचित्रांची नावे एकेक करून बदलण्याऐवजी आज्ञेची एकच ओळ लिहून ते काम क्षणात उरकता येते आणि ती ओळ प्रथमच बरोबर चालली की होणारा आनंद, अवघड गणित सुटल्यावर शाळकरी मुलास होणाऱ्या आनंदाच्या जातीचा असतो. या साऱ्या सुखांच्या मुळाशी एकच भावना आहे. हे यंत्र आपले आहे, ते कसे चालते हे आपण पाहू शकतो आणि बिघडल्यास त्यात हात घालू शकतो, ही ती भावना. बंदिस्त प्रणाली वापरणारा मनुष्य भाडेकरूसारखा असतो. खोली त्याच्या ताब्यात असते, परंतु भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते.

अंबरनाथसारख्या गावाला ही भावना परकी वाटू नये. पूर्वेकडील शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात गेले असले, तरी त्याचे आधुनिक रूप कारखान्यांनी घडविले. संरक्षण उत्पादनाचे कारखाने आणि पूर्वेस आनंदनगरची औद्योगिक वसाहत यांच्याभोवती फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या वस्त्या वाढल्या. लेथवर काम करणाऱ्या कुशल कामगारास ज्याचे झाकण उघडता येत नाही असे यंत्र कधीच आवडत नाही. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणे, सुटा भाग घडवून बसविणे यात त्याची प्रतिष्ठा असते. त्याच घरातील पुढची पिढी संगणकापुढे बसली, तेव्हा तिला मात्र झाकण न उघडण्याचे शिक्षण मिळाले. महाराष्ट्रात शिक्षकांपासून लिपिकांपर्यंत लाखोंनी एमएस-सीआयटीची परीक्षा दिली. तिने संगणकाची भीती घालविली हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तीत भर राहिला तो विंडोज आणि तीवरील कार्यालयीन आज्ञावलींचा. संगणक म्हणजे विंडोज, असे समीकरण त्यातून दृढ झाले. केरळने शालेय संगणकशिक्षणासाठी मुक्त प्रणाली स्वीकारली, याची येथे आठवण होते.

वेगळा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असे नाही. अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग जेथे पोहोचतो, त्या कर्जत तालुक्यातील खैरात या पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली वीस-बावीस मुलांच्या हाती छोटे हिरवे-पांढरे संगणक पडले. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील तो आरंभीचा प्रयोग होता. त्या यंत्रांत फेडोरा लिनक्सची आटोपशीर आवृत्ती होती आणि ज्या खेळात मूल रमले असेल त्याची मूळ संहिता पडद्यावर आणण्याची खास सोय तीत केलेली होती. ‘हे कसे केले?’ हा मुलाचा स्वाभाविक प्रश्न यंत्राच्या रचनेतच मान्य केलेला होता. हा प्रयोग महाराष्ट्रभर पसरला नाही. त्यामागील कल्पना मात्र आजही जुनी झालेली नाही.

मराठीच्या बाबतीत तर झाकण उघडता येणे हा चैनीचा विषय नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. हा अर्ध्या ‘र’चा भेद हिंदीला लागत नाही. म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या अक्षरसंचात तो नीट उमटेलच याची शाश्वती नसे. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोड या जागतिक संकेतात स्वतंत्र स्थान मिळाले तेही २००८ साली. शिवाय संकेतात स्थान मिळाल्याने अक्षर पडद्यावर दिसू लागत नाही. फॉन्टमध्ये कोणीतरी त्याची आकृती काढावी लागते. फॉन्ट बंदिस्त असेल, तर मराठी भाषकाने कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहायचे. तो मुक्त असेल, तर जाणकाराने फाइल उघडून अक्षर बसवायचे आणि सर्वांना वाटायचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले आणि रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याखाली आणलेले ‘लोहित’ फॉन्ट, मुंबईच्या एक टाइप या गटाने खुला केलेला ‘मुक्त’, ही अशाच कामाची उदाहरणे आहेत. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि लिनक्सचे पडदे मराठीत दिसतात, ते कोणा मराठी माणसाने एकेक शब्द बसवून दिला म्हणून. ‘फोल्डर’ला संचयिका म्हणावे की फोल्डरच राहू द्यावे, यावर वाद घालण्याचा अधिकारही त्यामुळे आपल्याकडे राहतो. ज्या कार्यालयांत जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फायली आज निरर्थक चिन्हांची रांग बनून पडल्या आहेत, तेथील लिपिकांना या अधिकाराचे मोल वेगळे सांगावयास नको.

मुक्त प्रणालीचे गोडवे गाताना तिच्या अडचणी झाकणे योग्य नव्हे. एखादा छपाईयंत्राचा किंवा स्कॅनरचा नमुना तिच्याशी बोलतच नाही. लेखापालनाच्या व आरेखनाच्या काही रूढ आज्ञावली तिच्यावर चालत नाहीत, दुसरीकडे तयार केलेल्या तक्त्याची मांडणी उघडताना विस्कटते. अडल्यावर विचारायला शेजारी जाणकार असेलच असे नाही. उत्साही मंडळींना अशा अडचणी सोडविण्यातच मौज वाटते, परंतु पगारपत्रके वेळेवर काढावयाची असलेल्या लिपिकाने त्या मौजेत भागीदार व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. सक्तीने मुक्तीचा प्रसार होत नसतो.

तथापि काळाने हा प्रश्न आता घराघरांत आणून ठेवला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. तिच्यानंतरची आवृत्ती नव्या सुरक्षा-चिपची आणि नव्या प्रोसेसरची अट घालते आणि साधारणतः २०१७-१८ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या अटीत बसत नाहीत. म्हणजे पडदा उजळतो आहे, कळा चालत आहेत, तरी यंत्र भंगारात काढावयाचे. अनुदानावर चालणाऱ्या शाळेला, सार्वजनिक वाचनालयाला किंवा एका पगारावर चालणाऱ्या घराला हा निर्णय परवडणारा नाही. अशा कित्येक यंत्रांवर हलकी लिनक्स प्रणाली आणखी काही वर्षे बिनतक्रार चालू शकते. ती शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाद्वारे मराठीतूनही पाठ तयार केले आहेत आणि ते विनामूल्य आहेत.

अंबरनाथ पूर्वेतील एखाद्या शाळेने अडगळीतील चार संगणक बाहेर काढून नववीच्या मुलांच्या हवाली केले, तर त्यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. मुले प्रारंभी चुका करतील, प्रणाली दोनदा पुसून पुन्हा घालतील, मग एखाद्या दिवशी त्यांतील एखादी मुलगी मराठी पडद्यावरचा चुकलेला शब्द शोधून काढील आणि दुरुस्ती पाठवील. ती स्वीकारली गेली, तर त्या प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत जगभरच्या मराठी माणसांना तो शब्द बरोबर दिसेल. लेथवर घडविलेला सुटा भाग यंत्रात चपखल बसताना पाहण्याचे जे समाधान तिच्या आजोबांना मिळाले असेल, त्याहून ते वेगळे नसेल.