सायकल कुणाच्या मापाची?

मुलांनो, दिवाळीचे कपडे घेताना आई दुकानदाराला काय सांगते? "जरा वाढत्या अंगाचा द्या हो!" बरोबर ना? कपड्यांचं ते ठीक आहे. बाह्या दुमडता येतात, टाका घालता येतो. पण सायकलला टाका कसा घालणार?

माझ्याच वर्गातली गोष्ट सांगते. चौथीतल्या एका मुलीला बाबांनी नवीकोरी सायकल आणली. सातवीपर्यंत बघायला नको, म्हणून चांगली मोठी! ती शाळेत आली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मीसुद्धा. सीटवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आठवड्याभरात फाटकापाशी एक शेळी आडवी आली. तिने ब्रेक दाबला, सायकल थांबली, पण पाय टेकेना. सायकलीसकट ती कलंडली आणि मनगटाचं हाड मोडलं. सहामाहीचे पेपर तिला तोंडी द्यावे लागले. ब्रेक चांगला होता, चालवणारीही हुशार होती. चुकलं होतं ते फक्त माप.

मग माप घ्यायचं कसं? अगदी सोपं आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहा. पावलांत वीतभर अंतर ठेवा. पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक पुस्तक पायांच्या मध्ये धरा, त्याची एक कड भिंतीला टेकवा आणि जांघेपर्यंत वर सरकवा. पुस्तकाच्या वरच्या कडेशी ताईला पेन्सिलीने खूण करायला सांगा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पायाचं आतलं माप.

आम्ही वर्गात गणिताच्या तासाला हेच केलं. गंमत म्हणजे, दोन मुलांची उंची सारखी होती, पण पायांच्या मापात चार सेंटिमीटरचा फरक निघाला! म्हणून नुसतं वय किंवा उंची सांगून सायकल घेऊ नका.

आणखी एक घोटाळा होतो. लहान मुलांची सायकल '20 इंची' किंवा '24 इंची' म्हणतात, तेव्हा ते माप चाकाचं असतं. फ्रेमचं माप वेगळं. ते पायडलच्या आसापासून, सीट ज्या उभ्या नळीत बसते त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात. आठवी-नववीतल्या मुलांनी रस्त्यावरच्या साध्या सायकलीसाठी आपल्या पायाच्या मापाला 0.66 ने गुणावं. माप 75 सेंटिमीटर असेल, तर फ्रेम 49.5 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकोणीस इंच. हा अंदाज आहे बरं का! जाड टायरच्या, डोंगरवाटांवरच्या सायकलची फ्रेम याहून लहान लागते.

खरी परीक्षा दुकानातच. मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दांडी आणि तुमच्यामध्ये तीन-चार बोटं तरी जागा हवी. मग सीटवर बसा. नवशिक्यांचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं आणि बोटं ब्रेकपर्यंत सहज पोचायला हवीत.

सराव झाल्यावर सीट थोडी वर घ्या. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. चालवताना मात्र पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवायचा, म्हणजे गुडघा थोडा वाकलेला राहतो आणि दुखत नाही.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. पैसे झाडाला लागत नाहीत, हे मलाही कळतं. पण वाढीची सोय सायकलमध्येच असते. सीटची दांडी वर सरकवत न्या. मात्र तिच्यावर कोरलेली मर्यादेची खूण नळीबाहेर दिसू देऊ नका. तेवढ्यात दोनएक वर्षं सहज निघतात. नंतर ती सायकल धाकट्या भावंडाला होईल, नाहीतर विकता येईल.

आमच्या त्या मुलीचं काय झालं? मोठी सायकल मामेभावाकडे गेली आणि त्याची जुनी, बुटकी सायकल तिच्याकडे आली. रंग उडालाय, घंटी खरखरते. पण फाटकापाशी ती झोकात थांबते आणि दोन्ही पाय टेकवून माझ्याकडे बघून हसते!