प्रौढ वयातील अवधान-न्यूनता : निदान व उपचार

एखादा बुद्धिमान, सुशिक्षित मनुष्य हाती घेतलेली कामे वारंवार अर्धवट टाकतो, ठरलेल्या वेळा विसरतो, महत्त्वाची कागदपत्रे हरवितो. लोक त्यास आळशी म्हणतात. कालांतराने तोही स्वतःस तसाच समजू लागतो. अशा काही व्यक्तींच्या बाबतीत हा दोष स्वभावाचा नसून 'अवधान-न्यूनता व अतिचंचलता' या विकाराचा परिणाम असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'एडीएचडी' म्हणतात.

हा विकार केवळ बालकांचा, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वयाबरोबर बाह्य धावपळ कमी होते हे खरे. परंतु अनेकांच्या ठायी अवधानाची अडचण प्रौढपणीही टिकून राहते.

रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने याचे निदान होत नाही. ते मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाच्या पूर्वेतिहासावरूनच करावयाचे असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार, सतरा वर्षांवरील व्यक्तीत अवधानाच्या अथवा चंचलतेच्या गटातील निदान पाच लक्षणे सहा महिने आढळली पाहिजेत. त्यांपैकी काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत. तसेच घर, कार्यालय अशा एकाहून अधिक ठिकाणी ती जाणवावीत व त्यांमुळे जीवनव्यवहारात बाधा यावी. म्हणूनच शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकातील शेरे आणि आईवडिलांच्या आठवणी येथे मोलाच्या ठरतात. अपुरी झोप, चिंता, खिन्नता किंवा अवटु ग्रंथीचे विकार यांमुळेही चित्त विचलित होते. त्यांचा विचार आधी करावा लागतो. प्रश्नावली ही केवळ प्राथमिक चाळणी होय. तिच्यावरून स्वतःच निदान करू नये.

उपचारांत मेथिलफेनिडेट हे औषध प्रमुख आहे. मेंदूतील डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन ही संदेशवाहक द्रव्ये चेतापेशींत परत शोषली जाण्यास ते अडथळा करते. त्यामुळे त्यांचा प्रभाव वाढतो. याच्या दुरुपयोगाने व्यसन जडू शकते. म्हणून ते वैद्याच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये आणि उपचारकाळात नाडी व रक्तदाब तपासावा. ॲटोमॉक्सेटीन हे दुसरे औषध. त्याचा पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. औषधांच्या जोडीस कामाचे लहान भाग पाडणे, प्रत्येक गोष्ट टिपून ठेवणे व वेळेचे नियोजन करणे या सवयी मानसोपचारतज्ज्ञ शिकवितात.

उशिरा झालेल्या निदानाने गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. तथापि, ज्या अपयशाबद्दल मनुष्य स्वतःस दोष देत आला, त्याचे कारण त्यास कळते आणि पुढील उपाय त्याच्या हाती येतो.