डबा तोच, लाइन नवी!

शुक्रवार, दुपारचे सव्वातीन. पाच वाजता जर्मनीच्या कस्टमरबरोबर कॉल. आमचा एक लॉट तिकडे रिजेक्ट झालेला, ८डी रिपोर्ट मी बनवलेला, आणि बॉसचं एकच वाक्य, "तूच बोलायचंस." मोशीहून चाकणला निघावं तर तळेगाव चौकातच पाच वाजायचे. म्हणून घरून काम. आणि घरात इंटरनेट? नाही!

चूक माझीच, म्हणा. जुन्या कंपनीला कंटाळून त्याच दिवशी नवं फायबर घेतलं. सकाळी टेक्निशियन आला, भिंतीला भोक पाडलं, वायर आत घेतली, एक छोटा पांढरा डबा लावला. मग माझ्या राउटरकडे बघून म्हणाला, "दादा, हा नाही चालणार. आमचा घ्या, दोन हजार." मी म्हटलं, नाही घेत! चांगला स्वतःच्या पैशांचा राउटर असताना दुसरा कशाला? त्याने खांदे उडवले, स्वतःच्या लॅपटॉपवर नेट चालवून दाखवलं आणि गेला.

मंडळी, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. आपण सगळ्यालाच 'मोडेम' म्हणतो. पण फायबरचा प्रकाश पकडून त्याचं साध्या नेटवर्क केबलमध्ये रूपांतर करणारा डबा वेगळा (आपले टेक्निशियन त्याला ओएनयू म्हणतात), आणि वाय-फाय वाटणारा राउटर वेगळा. पहिला सहसा कंपनीचाच लागतो. जुन्या कंपनीचा असेल तर परत करा आणि डिपॉझिट मागून घ्या. दुसरा मात्र तुमचाच चालू शकतो. त्याच्या मागे 'वॅन' लिहिलेलं, बऱ्याचदा वेगळ्या रंगाचं भोक असलं की झालं.

आमच्या बाबांच्या कपाटात अजून डेटावनच्या काळातला मोडेम आहे. बीएसएनएलने ही सेवा जानेवारी २००५ मध्ये आणली. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०२३ पासून ती किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. तो डबा टेलिफोनच्या तारेवर चालायचा, फोनसाठी वेगळा स्प्लिटर लागायचा, आणि सेटिंगमध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे आकडे भरायचे. बाबांना ते अजून पाठ आहेत! पण त्याला फोनच्या तारेचं भोक, फायबरवर थेट चालायचा प्रश्नच नाही. "मग भंगारात टाकू?" बाबांनी विचारलं. त्याला वाय-फाय असेल तर टाकू नका. त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता बदला, आणि नव्या राउटरची केबल त्याच्या लॅनच्या भोकात लावा. मागच्या बेडरूमला थोडी रेंज मिळून जाते. वेग जेमतेमच मिळेल, पण मेल बघायला पुरे.

असो. पावणेचार. ओएनयूची केबल राउटरच्या वॅनमध्ये लावली, लॅपटॉप केबलने जोडला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं (तुमचा पत्ता वेगळा असेल, डब्याच्या बुडाखालच्या स्टिकरवर बघा). जुन्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढले. हे आधी करा, बॉस! रिसेटच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं पुसलं जातं. कनेक्शनचा प्रकार पीपीपीओई निवडला, नव्या कंपनीने एसएमएसवर पाठवलेला युजरनेम आणि पासवर्ड टाकला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मात्र मुद्दाम जुनेच ठेवले, म्हणजे आईचा फोन, टीव्ही, बायकोचा लॅपटॉप सगळे आपोआप जोडले जातात. नाहीतर "माझं नेट का लागत नाही" हे दर पाच मिनिटांनी ऐकायचं.

आणि दिवा? लाल! पासवर्ड तीनदा तपासला. कस्टमर केअरचं संगीत बारा मिनिटं ऐकलं. सव्वाचार झाले. घामच फुटला. शेवटी आमच्या मेंटेनन्समधल्या मित्राला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला, "अरे, पहिल्यांदा नेट कशावर चालवलं?"

"टेक्निशियनच्या लॅपटॉपवर."

"मग लाइन त्याच्या लॅपटॉपला बांधली गेली ना रे!"

प्रत्येक नेटवर्क उपकरणाला एक मॅक पत्ता असतो. काही कंपन्या पहिल्या लॉगिनचा पत्ता नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्याला आत घेत नाहीत. तुमच्याच लॅपटॉपवर पहिल्यांदा चाललं असेल तर राउटरच्या 'मॅक क्लोन' पर्यायात त्याचा पत्ता टाकून भागतं. माझ्या बाबतीत तो लॅपटॉप तेव्हा भोसरीला कुणाच्या तरी घरी होता. टेक्निशियनला फोन केला. बिचाऱ्याने कुरकुर न करता ऑफिसला सांगून नोंद काढायला लावली. राउटर बंद करून चालू केला. चार चाळीसला दिवा हिरवा!

कॉल पन्नास मिनिटं चालला. वर्गीकरण करून चांगला माल पाठवायचं ठरलं, लॉट पूर्ण परत यायचा वाचला. मध्येच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा पलीकडच्या बाईंनी हसून विचारलं, "फायर अलार्म?"

बाबा आता जुना मोडेम घेऊन बसलेत. त्यांना तो गॅलरीत लावायचाय.