दादासाहेबांचा कॅमेरा आणि वाटाण्याचे रोप

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या अंकात स्नेहसंमेलनाची छायाचित्रे इतकी थोडी का, असे आपण विचाराल. दोष सर्वस्वी आमचा आहे. नवा कॅमेरा आदल्या दिवशी हाती आला. तो एकदाही चालवून न पाहता आम्ही सभागृहात गेलो आणि बक्षीस समारंभाची बहुतेक चित्रे काळोखी व हललेली निघाली. ज्या मुलांनी वर्षभर कष्ट करून बक्षीस मिळविले, त्यांच्या आईवडिलांना दाखविण्यास आमच्यापाशी काही उरले नाही. त्या खजिलपणातच आम्हांस एका थोर छायाचित्रकाराचे स्मरण झाले.

रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोरा आपण रोज पाहता. तो १८९६ साली उभा राहिला. त्याच सुमारास, येथून फार दूर नसलेल्या कलाभवनात, त्र्यंबकेश्वरचा एक तरुण कॅमेऱ्याशी झगडत होता. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली स्थापन झालेली ही संस्था आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा आहे. तिचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी या तरुणाचे गुण हेरून त्याला छायाचित्रशाळा वापरण्याची मुभा दिली. हा तरुण म्हणजेच धुंडिराज गोविंद फाळके, भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब.

छायाचित्रकाराचे जीवन सुखाचे असते अशी आपली समजूत असेल, तर ती फाळक्यांच्या चरित्राने दूर होईल. १८९५ साली त्यांनी गोध्र्यास धंदा मांडला. तेथे प्लेगच्या साथीने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. बडोद्यास परतून त्यांनी पुन्हा दुकान थाटले. परंतु कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व आयुष्य कमी करतो, अशी भीती लोकांत पसरली होती. गिऱ्हाईकच येईना, तेव्हा नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी पोट भरले. पुढे पुराणवस्तू संशोधन खात्यात छायाचित्रकाराची नोकरी केली, लोणावळ्यास छापखाना काढला. हात मात्र सतत शिकत राहिला.

१९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपल्या देवादिकांची चित्रे पडद्यावर आणावीत, असा ध्यास त्यांनी घेतला. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मागविले. मे महिन्यात सामान घरी पोहोचले. घर कर्जात, कॅमेरा नवा. अशा वेळी दुसरा एखादा उतावळेपणाने थेट मोठ्या चित्रपटास हात घालता. फाळक्यांनी तसे केले नाही.

त्यांनी प्रथम आसपासच्या मुलामुलींचीच चित्रे घेतली. मूल क्षणभरही स्थिर राहत नाही. त्यामुळे यंत्र फिल्म सारख्या गतीने ओढते की नाही, हे अशा चित्रात तत्काळ उमगते. नंतर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून कॅमेरा तिच्यासमोर ठेवला आणि रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली. पडद्यावर बी फुटून वेल वर चढताना दिसली! ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा लघुपट ओळखला जातो.

यातील गणित पाहा. त्या काळी सेकंदास साधारण १६ चित्रे दाखवीत. म्हणजे मिनिटभराच्या चित्रपटास ९६० चित्रे हवीत. ती महिनाभरात घ्यावयाची तर रोज ३२! इतके दिवस कॅमेरा रेसभरही हलता कामा नये, प्रकाश पुष्कळसा सारखा राहिला पाहिजे. यंत्राची आणि माणसाच्या धीराची अशी दुहेरी परीक्षा त्या एका कुंडीने घेतली. एवढेच नव्हे, भांडवल देणाऱ्यांचा विश्वासही या रोपानेच मिळवून दिला.

या परीक्षेत त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा मोठा होता. कोऱ्या फिल्मच्या दोन्ही कडांना काळोखात भोके पाडावी लागत. भोकांतील अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांब होता. एका फुटात १६ चित्रे आणि प्रत्येक चित्राला ८ भोके धरली, तर एका प्रतीला सुमारे पावणेपाच लाख भोके होतात! दिवसभराचे घरकाम उरकून ही माउली रात्री हे काम करी. प्रसंगी तिने आपले दागिनेही दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो चित्रपट लोकांसमोर आला, तेव्हा त्यामागे या निनावी रात्री उभ्या होत्या.

मित्रहो, आजचे कॅमेरे स्वतःच प्रकाश मोजतात. परंतु परीक्षेवाचून विश्वास ठेवावा असे यंत्र अद्यापि निघालेले नाही. नवे साधन हाती आले की प्रथम खिडकीतल्या उजेडात, मग रात्रीच्या दिव्यात, मग धावणाऱ्या धाकट्या भावंडावर ते चालवून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते वहीत टिपून ठेवावे. चूक व्हायचीच असेल, तर ती कुंडीतल्या रोपासमोर व्हावी. कोणाच्या आयुष्यातील एकुलत्या एका क्षणासमोर नव्हे.

पुढील संमेलनापूर्वी महिनाभर आधी आम्ही शाळेच्या खिडकीत एक कुंडी ठेवणार आहोत. वाटाणे मात्र विद्यार्थ्यांनी आणावेत.